ऑफिसात गमत नाही, नोकरी सोडू का?

मी समुपदेशक आहे. माझ्याकडे नोकरी करणारे जे लोक येतात त्यातल्या बऱ्याच जणांची सुरुवात अशीच असते, "मॅडम, तिथं गमत नाही, करमतच नाही, सगळे आपापल्यात असतात, मी त्यांच्यात बसतच नाही, सोडून देऊ का?" नागपूरजवळच्या बुटीबोरी-हिंगण्याच्या कारखान्यातले, मिहानमधले आयटीवाले, बँकेत बदली होऊन आलेले, शाळेत नवीन लागलेल्या शिक्षिका, सगळेच. पगाराबद्दल तक्रार नसते, काम जमत असतं, साहेबही काही फार वाईट नसतो, तरी सकाळी निघताना जीवावर येतं. आणि घरी सांगितलं की ऐकायला मिळतं, नोकरी करायला जाते का मैत्री करायला. मग तो माणूस घरीही बोलणं बंद करतो.

याला मी लगेच हो किंवा नाही म्हणत नाही. या एका तक्रारीत बरंच काही मिसळलेलं असतं, थोडा नवेपणा असतो, थोडे आपणच लावलेले अर्थ असतात, आणि कधी कधी खरंच कोणीतरी आपल्याशी वाईट वागत असतं. हे सुटं न करता नोकरी सोडली तर तोच त्रास पुढच्या ठिकाणी सोबत जाऊ शकतो, आणि सुटं न करता तिथंच रेटत राहिलं तर माणूस आतून खचतो. एका भाऊंची गोष्ट सांगते म्हणजे मला काय म्हणायचंय ते नीट कळेल. त्यांना विचारूनच लिहितेय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

भाऊ मूळचे काटोलकडचे, घरी थोडी संत्र्याची बाग, मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि बुटीबोरीला प्लास्टिकचे पार्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात लागले. बारा वर्षं खाली शॉप फ्लोअरवर काढली, आधी ऑपरेटर मग शिफ्ट सुपरवायझर. मशीन अडलं की भाऊंना बोलवा, नवीन पोट्टा आला की भाऊंकडे द्या, असा सगळा मान. मग कंपनीनं त्यांना प्रमोशन देऊन वर प्लॅनिंगच्या ऑफिसात बसवलं. पगार वाढला, नाईट शिफ्ट सुटली, घरच्यांनी टेकडी गणपतीला जाऊन पेढे ठेवले. आणि चार-पाच महिन्यांत त्यांची बायको त्यांना जवळजवळ हाताला धरूनच माझ्याकडे घेऊन आली.

"रविवारची संध्याकाळ झाली का यांचं पोट बिघडते," ती म्हणाली. "डॉक्टरकडे नेलं, सगळ्या टेस्ट नॉर्मल आल्या. घरात बोलत नाहीत, पोरीशी बोलत नाहीत. आधी ड्युटीवरून आले का अर्धा तास तिकडच्याच गोष्टी सांगत बसायचे."

भाऊ खाली मान घालून बसले होते. मग म्हणाले, "मॅडम, कोणी शिव्या देत नाही, काही नाही. पण तिथं बसलो का असं वाटते का मी चुकून शिरलो. अन् खाली गेलो तर पोट्टे उठून उभे राहतात, आता तुम्ही साहेब झाले म्हणतात. वर मी लाईनवाला, खाली मी साहेब. मंग मी कुठचा?"

नवीन ऑफिसात न रुळलेला माणूस म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर बावीस-तेवीस वर्षांचा फ्रेशर येतो, पण हा त्रास प्रमोशन झालेल्यांना, बदली झालेल्यांना, पुण्याहून नागपूरला परत आलेल्यांना, बाळंतपणाच्या रजेनंतर पुन्हा जॉईन झालेल्या बायकांनाही होतो, आणि त्यांना तो सांगायची जास्त लाज वाटते कारण त्यांच्याकडे बघून सगळे म्हणतात की तुझं तर चांगलं चाललंय.

मी त्यांना विचारलं की दिवसातला सगळ्यात जड वेळ कोणता. मला वाटलं ते मीटिंग म्हणतील. ते म्हणाले, जेवणाची सुट्टी.

वर एक छोटी पॅन्ट्री आहे, त्यात एक टेबल आणि सहा खुर्च्या, माणसं आठ. जो आधी जाईल तो बसतो, बाकीचे उभ्यानं किंवा आपल्या डेस्कवर खातात. गप्पा हिंदीत, मध्ये मध्ये इंग्रजी, कोणाच्या कारचा हप्ता, कोणाचा मित्र बंगलोरला किती पॅकेजवर गेला, कोणती वेब सिरीज बघितली. भाऊ पहिल्या आठवड्यात त्या टेबलावर बसले. डब्यात भाकर, झुणका आणि लसणाची चटणी होती. डबा उघडला तसं एकजण म्हणाला, "आज पूरे ऑफिस में खुशबू है भाई," आणि दोघं-तिघं हसले. झालं इतकंच. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बायकोला सांगितलं की पोळी आणि बटाट्याची भाजीच देत जा, कारण सांगितलं नाही. मग सगळ्यांच्या आधीच बाराला जाऊन पटकन खाऊन यायला लागले. मग एक दिवस तिथं कोणीतरी आधीच बसलेलं दिसलं म्हणून डबा घेऊन खाली पार्किंगमध्ये गेले, आणि तेव्हापासून तिथंच. मे महिना होता, नागपूरचं ऊन, वर पत्र्याचं शेड, आणि हा माणूस आपल्या गाडीवर आडवा बसून मांडीवर डबा ठेवून जेवून राहिला होता. त्यांच्या बायकोला हे माझ्यासमोरच पहिल्यांदा कळलं. ती काही बोलली नाही, तिनं त्यांच्या दंडावर हात ठेवला.

आता यावर कोणीही म्हणेल की एवढ्याशा गोष्टीचं इतकं काय मनाला लावून घ्यायचं. मला हे वाक्य अजिबात आवडत नाही. लोकांनी आपल्याला त्यांच्यात धरावं ही माणसाची गरज आहे, चैन नाही. रॉय बाउमायस्टर आणि मार्क लीअरी या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९५ साली बरंच संशोधन एकत्र करून हेच मांडलं होतं. २००३ मध्ये नाओमी आयझेनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला, माणसाला स्कॅनर मशीनमध्ये झोपवून कॉम्प्युटरवर चेंडू फेकायचा खेळ खेळायला लावला, थोड्या वेळानं बाकीचे दोन खेळाडू एकमेकांतच चेंडू फेकायला लागतात आणि याला टाकतच नाहीत. खेळ असा बिनकामाचा, समोरचे दोघं तर खरे खेळाडूही नव्हते, तरी शरीराला दुखतं तेव्हा मेंदूच्या ज्या भागात हालचाल दिसते त्यातल्या एका भागात इथंही दिसली. त्याचा नेमका अर्थ काय यावर पुढे शास्त्रज्ञांमध्ये वादही झाले, पण वगळलं गेल्यावर माणसाला खरंच लागतं आणि अगदी लहान गोष्टीनंही लागतं याबद्दल वाद नाही. त्यामुळे भाऊंचं पोट रविवारी बिघडायचं ते नाटक नव्हतं.

पण लागलं हे खरं, आणि त्याचा आपण लावलेला अर्थ खरा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझं बरंचसं काम या दोन्हींच्या मध्ये चालतं.

मी भाऊंना एक साधी वही करायला सांगितली, पानाच्या मधोमध रेघ, डावीकडे जे झालं ते, कॅमेऱ्यात दिसेल तेवढंच, आणि उजवीकडे मला त्यावरून काय वाटलं. त्यांना लिहायची सवय होती, शिफ्टचं लॉगबुक वर्षानुवर्षं लिहिलेलं, त्यामुळे वही अगदी टापटीप आली. एका पानावर डावीकडे होतं, "मीटिंगमध्ये बोललो, साहेबांनी लॅपटॉपवरून मान वर केली नाही." उजवीकडे, "मला किंमत नाही." दुसऱ्या पानावर डावीकडे, "शनिवारी सगळे फुटाळा तलावावर गेले, सोमवारी फोटो दाखवत होते." उजवीकडे, "मला मुद्दाम टाळलं." तिसऱ्यावर डावीकडे, "माझा मेल एकानं ग्रुपवर टाकला आणि लिहिलं शॉप फ्लोअर वाली इंग्लिश." उजवीकडे, "मी याच लायकीचा आहे."

ही तिन्ही पानं वेगवेगळी आहेत बघा. पहिल्या पानाबद्दल मी एवढंच म्हटलं की पुढच्या मीटिंगमध्ये बाकीचे बोलताना साहेब काय करतात ते बघून या. भाऊ बघून आले. साहेब कोणासाठीच मान वर करत नाहीत, डिस्पॅचचा माणूस बोलत असताना तर ते फोनवर होते. ही साहेबांची वाईट सवय आहे, पण ती भाऊंसाठी खास ठेवलेली नव्हती. दुसऱ्या पानावर चौकशी केली तेव्हा कळलं की फुटाळ्याला जाणाऱ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप भाऊ वर यायच्या कितीतरी आधीचा, त्यात नवीन माणसाला घ्यायचं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. दुर्लक्ष आहेच, वाईटही वाटतं, पण मुद्दाम टाळणं आणि लक्षातच न येणं यात फरक आहे, लक्षात आणून देता येतं. तिसरं पान मात्र जसंच्या तसं खरं होतं. तिथं डावीकडचंच वाईट होतं. फक्त उजवीकडे लिहिलेलं "मी याच लायकीचा" हे कुठूनच निघत नव्हतं, एका माणसाच्या हलकटपणातून आपली लायकी कशी काय ठरते?

बरेचदा लोक मला म्हणतात, मॅडम, पॉझिटिव्ह विचार करायला शिकवा. मी ते शिकवत नाही. भाऊंना मी जर सांगितलं असतं की सगळे चांगलेच आहेत, तुम्हीच मनाला लावून घेता, तर ते खोटं झालं असतं आणि पुन्हा ते आलेही नसते. जे खरं आहे ते खरंच ठेवायचं, पण त्याच्यावर आपण चढवलेले मजले उतरवायचे, एवढंच.

वहीतून आणखी एक गोष्ट दिसली, या चार-पाच महिन्यांत भाऊंनी स्वतःला किती बदलून घेतलं होतं. डबा बदलला, हाफ शर्ट सोडून फुल शर्ट घेतले, मराठी माणसाशीही हिंदीत बोलायला लागले, मले-तुले तोंडातून जाऊ नये म्हणून प्रत्येक वाक्य आधी मनात जुळवायचं आणि मग बोलायचं, तोवर मीटिंगमधला विषय पुढे गेलेला. त्यामुळे भाऊ गप्प माणूस आहेत असं वरच्यांना वाटायला लागलं, आणि गप्प माणसाला कोणी विचारत नाही. न रुळलेली माणसं बहुतेक असंच काहीतरी करतात, कोणी कोपऱ्यात जाऊन बसतं, कोणी सगळ्यांची कामं अंगावर घेऊन चांगलं व्हायला बघतं, कोणी स्वतःचीच टर उडवून लोकांना हसवतं. थोड्या दिवसांसाठी याचा आधार होतो, पण महिनोन् महिने चाललं की फार थकवा येतो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे उद्या त्यांनी जवळ केलंच तरी मनात राहतं की यांना आवडला तो मी नव्हेच. त्यांची बायको म्हणायची की घरी येऊन नुसते पडून राहतात, तो थकवा प्लॅनिंगच्या कामाचा नव्हता.

मग आम्ही ठरवलं की आठही जणांमध्ये बसायचा नाद सोडायचा. एक माणूस बघायचा. पूर्ण ऑफिस आपलं व्हायची गरज नसते, एक-दोन माणसं अशी असली की ज्यांच्याशी चहा पिताना वाक्य जुळवावं लागत नाही तर बाकीचं बरंच सोसतं, हे मी इतक्या लोकांच्या बाबतीत बघितलंय की आता मला त्यात शंका राहिली नाही. भाऊंनी विचार करून सांगितलं की क्वालिटीला एक नवीन पोरगी आहे, भंडाऱ्याकडची, इंजिनीअरिंग झालेली, ती एकदा मशीनबद्दल काहीतरी विचारायला आली होती. "पण मॅडम, ते काम होतं म्हणून आली, नाहीतर मले कशाला विचारते." मी म्हटलं कामासाठीच जा ना मग, कामाचंच बोला.

२०१८ मध्ये एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला होता. अनोळखी माणसांनी एकमेकांशी बोलून झाल्यावर दोघांनाही वेगवेगळं विचारलं, समोरचा तुला किती आवडला आणि तू त्याला किती आवडला असशील असं वाटतं. माणसांना सरसकट वाटत होतं की आपण समोरच्याला कमी आवडलो, आणि प्रत्यक्षात समोरच्याला ते त्यापेक्षा जास्त आवडले होते. मी हे भाऊंना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले आणि मग विचारलं, "म्हणजे त्या पोरीलेही वाटत असन का मी तिले टाळतो?" वाटत होतंच, तिनं नंतर स्वतःच सांगितलं. तिला वाटायचं की हे सिनिअर आहेत, मोठे आहेत, आपल्यासारख्या फ्रेशरशी कशाला बोलतील.

ती आणि भाऊ एकदा सोबत खाली लाईनवर गेले आणि तिथून खरं तर सगळं हललं. प्लॅनिंगच्या शीटमध्ये एका मशीनवर काळे पार्ट, मग पांढरे, मग पुन्हा काळे असा क्रम लागलेला होता, कारण ऑर्डरच्या तारखा तशा होत्या. मोल्डिंगमध्ये काळ्यावरून पांढऱ्यावर यायचं म्हणजे मशीनच्या बॅरलमधला जुना रंग पूर्ण निघेपर्यंत माल ओतून बाहेर काढत राहावं लागतं, तरी पहिल्या कितीतरी पार्टवर करड्या रेषा येतात आणि ते रिजेक्ट होतात. पांढऱ्यावरून काळ्यावर जायला त्या मानानं काहीच लागत नाही. शीटमध्ये दोन्हीकडे बदलाचा वेळ सारखाच धरलेला. वरच्यांना ते माहीत नव्हतं, खालच्यांना माहीत होतं पण त्यांना विचारत कोण होतं? क्वालिटीच्या त्या पोरीला रिजेक्शन दिसत होतं पण कारण सापडत नव्हतं. भाऊंनी तिला मशीनजवळ उभं राहून दाखवलं, बाहेर पडणारा करडा गोळा हातात देऊन. मग दोघांनी मिळून आधी फिके रंग, मग गडद असा क्रम लावून एक शीट बनवली आणि तिनं ती मीटिंगमध्ये मांडली, भाऊंनीच सांगितलं तू मांड म्हणून. साहेबांनी विचारलं की हे कोणी सांगितलं, तेव्हा तिनं भाऊंकडे हात केला आणि त्या दिवशी साहेबांनी लॅपटॉपवरून मान वर केली. भाऊ मग मराठीतच बोलले, सगळ्यांना कळलं.

हे सांगताना मला एक गोष्ट जपून सांगायची आहे. काही जण यातून असा अर्थ काढतील की चमकून दाखवलं की लोक आपोआप जवळ करतात. तसं नाही. आणि ज्याच्याकडे असं काही दाखवायला नाही त्यालाही ऑफिसात माणसासारखं वागवलं जायचा तितकाच हक्क आहे. भाऊंना फरक पडला तो शाबासकीनं कमी आणि याने जास्त पडला की वरचे बाकीचे जे जाणत नव्हते ते भाऊ जाणत होते, आणि ते खालूनच आलं होतं. ज्याची लाज वाटून ते लपवत होते त्याचाच उपयोग झाला. दोन दिवसांनी डब्यात पुन्हा भाकर गेली, हे त्यांच्या बायकोनं मला फोन करून सांगितलं आणि ती फोनवर रडली.

तिसऱ्या पानाचं काम मात्र तसंच बाकी होतं. मेलची टर उडवणाऱ्यानं ते एकदाच केलेलं नव्हतं, वहीत तो माणूस चार-पाच पानांवर होता. त्याला काय बोलायचं याची आम्ही माझ्या क्लिनिकमध्ये प्रॅक्टिस केली, मी तो माणूस झाले. पहिल्यांदा भाऊ म्हणाले, "सॉरी यार, बुरा मत मानना, वो मेल वाला थोडा..." आणि स्वतःच हसले. मी म्हटलं सॉरी कशाचं? दुसऱ्यांदा सॉरी गेलं पण हसू राहिलं. हसू काढायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण वाईट वाटलेलं असताना हसायची सवय आपल्या अंगात फार खोल मुरलेली असते. शेवटी दोनच वाक्यं ठेवली, "मेल ग्रुप पे डाला वो मुझे अच्छा नहीं लगा. गलती दिखे तो मुझे बताओ, सबके सामने नहीं." आणि एवढं बोलून थांबायचं, पुढे स्पष्टीकरण द्यायचं नाही, समोरचा मजाक था यार म्हणाला तरी फक्त "मुझे नहीं लगा" म्हणायचं. ते त्यांनी त्याला एकट्याला गाठून सांगितलं. सोबत प्रत्येक प्रसंगाची तारीख आणि स्क्रीनशॉट ठेवायला सांगितलेच होते, कारण तोंडी सांगून थांबलं नाही तर एचआरकडे जाताना "तो नेहमी असं करतो" यापेक्षा तारखा जास्त कामी येतात. इथं ती वेळ आली नाही.

पण सगळ्यांचं इतक्यावर भागत नाही, आणि इथं मी समुपदेशक म्हणून फार ठाम आहे. मिहानमधल्या एका कंपनीतली एक मुलगी माझ्याकडे यायची. तिला जॉईन झाल्यापासून आधी आडनाव, मग गाव, मग कॉलेजला ॲडमिशन कशातून मिळाली असं एकेक विचारत नेलं, आणि उत्तरं मिळाल्यावर टेबलावरच्या गप्पा बदलल्या. १९५६ ला बाबासाहेबांनी जिथं लाखो लोकांना दीक्षा दिली त्या शहरात, दीक्षाभूमीपासून काही किलोमीटरवर, हे होत होतं. ती मला विचारत होती की मी जास्त सेन्सिटिव्ह आहे का. नाही. त्या मुलीला ॲडजस्ट करायला शिकवणं म्हणजे मीही त्यांच्याच बाजूला जाऊन बसणं झालं असतं. जात, भाषा, रंग, बाईपण यावरून कोणी हीन वागवत असेल तर त्याला गमत नाही या खात्यात टाकूच नका, तो अन्याय आहे आणि त्याला रस्ते वेगळे आहेत. लैंगिक छळ असेल तर २०१३ चा कायदा आहे, दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते आणि तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत द्यायची असते, म्हणून वाट बघत बसू नका. जातीवरून जाहीर अपमान होत असेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, त्याआधी वकिलाशी बोलून घ्या. त्या मुलीनं शेवटी दुसरी नोकरी बघितली, पण लिहून तक्रार देऊन मग गेली, आणि माझ्या मते तिनं दोन्ही बरोबर केलं.

तर नोकरी सोडायची कधी, हा प्रश्न उरतोच. जिथं तुम्ही स्पष्ट सांगूनही वागणूक बदलत नाही, वरच्यांना सांगितलं तर तुम्हालाच बोल लावतात, किंवा तिथं टिकायला रोज खोटं वागावं लागतं, तिथून निघायची तयारी सुरू करा, आधी दुसरी नोकरी हातात घेऊन, कारण घराचा हप्ता आपलं मन बघत नाही. पण नुसतं परकं वाटतं आणि नवीन होऊन काही महिनेच झालेत, तर थोडं थांबायला मी सांगते. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी अमेरिकेत कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलांवर केलेलं एक काम २०११ मध्ये छापून आलं. मुलांना सिनिअर मुलांचे अनुभव वाचायला दिले की सुरुवातीला सगळ्यांनाच वाटतं आपण इथले नाही, आणि ते हळूहळू जातं. तासाभराचं काम होतं, पण कृष्णवर्णीय मुलांचे मार्क पुढची तीन वर्षं सुधारत गेले. कॉलेज म्हणजे ऑफिस नाही हे मला कळतं, तरी परकं वाटणं हा माझ्यातला दोष नसून सुरुवातीचा काळ आहे एवढं कळण्यानं माणूस किती सैल होतो ते मी समोर बसून पाहिलंय.

आणि झोप, भूक दोन आठवड्यांच्या वर बिघडलेली असेल, कशातच मन लागत नसेल, दारू वाढली असेल, तर ऑफिसचं काय करायचं ते नंतर बघू, आधी मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवा. आपल्याकडे नागपुरात मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, आणि मिहानच्या एम्समध्ये मानसोपचार विभाग आहेत, खाजगी महाग वाटलं तर तिथं जा. मरणाचे विचार येत असतील तर रात्र असो का दिवस १४४१६ लावा, टेलिमानसची सरकारी हेल्पलाईन आहे, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. तोवर घरातल्या एकाला तरी सांगून ठेवा, एकटे राहू नका.

भाऊ आता मधून मधून येतात. आठवड्यातले काही दिवस ते वर पॅन्ट्रीत जेवतात, काही दिवस खाली पोट्ट्यांसोबत, आणि दोन्हीकडे थोडे थोडे वेगळे आहेत हे त्यांना आता खुपत नाही. फुटाळ्याच्या ग्रुपमध्ये त्यांना घेतलं, ते एकदा गेले, चहा पिऊन परत आले, म्हणाले मले काही त्यात मजा नाही येत, पण विचारतात हे बरं वाटते. खालून आणखी एकाला वर आणताहेत, त्याला त्यांनी आधीच गाठून सांगितलं की पहिले काही महिने जड जाते, मलेही गेले, जेवायच्या वेळी माझ्याकडे येजो. मेलवाला त्यानंतर कधी काही बोलला नाही, मात्र कामापलीकडे त्यांच्याशी शब्दही बोलत नाही. मी विचारलं की त्याचं काही करायचं का. भाऊ म्हणाले, "नाही जी. तो राहू द्या तसाच."